होस्टिंग घेताना तास मोजा

सात तास. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी वेबसाइट चालवणाऱ्या ड्रुपल या सॉफ्टवेअरच्या सुरक्षा गटाने सातव्या आवृत्तीतली एक गंभीर त्रुटी जाहीर केली आणि तिची दुरुस्तीही त्याच वेळी उपलब्ध करून दिली. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, याच गटाला दुसरे निवेदन काढावे लागले: पहिल्या घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही, त्यांनी आपली वेबसाइट फोडली गेली आहे असेच धरून चालावे. भारतीय वेळेनुसार घोषणा झाली रात्री साडेनऊला आणि मुदत संपली पहाटे साडेचारला. आपल्याकडचा वेबसाइटचालक ज्या वेळात झोपलेला असतो, नेमक्या त्याच वेळात सगळे घडून गेले.

दीड वर्षाने, एप्रिल २०१६ मध्ये, पनामा पेपर्स उजेडात आले. एक कोटी पंधरा लाख दस्तावेज ज्या मोसॅक फोन्सेका या कंपनीकडून बाहेर पडले, तिच्या ग्राहकांसाठीच्या संकेतस्थळावर तेव्हाही ड्रुपलची ७.२३ ही ऑगस्ट २०१३ मधली आवृत्ती चालू होती. दस्तावेज याच वाटेने गेले असे सिद्ध झालेले नाही. पण जगभरच्या धनाढ्यांची गुपिते सांभाळणाऱ्या कंपनीने सात तासांचे काम अठरा महिने केले नव्हते, हे मात्र उघड झाले.

होस्टिंगच्या जाहिरातीत गिगाबाइट असतात, ‘अमर्यादित’ वेबसाइट असतात, महिन्याचा दर असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या हल्ल्यांचे आकडे मांडून पाहिले, तर यातला एकही आकडा वेबसाइट वाचवत नाही. वाचवतात ते कालावधी: दुरुस्ती किती तासांत बसते, घुसखोर किती दिवस नकळत राहतो, नोंदी किती दिवस जपल्या जातात, आणि सगळे गेलेच तर किती तासांत परत उभे राहता येते. होस्टिंग निवडायचे ते या चार आकड्यांवर.

धोका नेमका कुठे आहे

जगातल्या सुमारे ४३ टक्के वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. २००३ साली ब्लॉग लिहिण्यासाठी निघालेले हे सॉफ्टवेअर आज तालुक्याच्या साप्ताहिकापासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे आहे. हल्लेखोराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. एक त्रुटी सापडली, की तीच चावी लाखो कुलपांना लावून पाहता येते. त्यासाठी माणूस बसत नाही, यंत्रे फिरतात. ‘आमची वेबसाइट लहान, आम्हाला कोण कशाला हॅक करेल?’ या प्रश्नाचे उत्तर डिसेंबर २०२१ मधल्या एका नोंदीत आहे. वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीने ३६ तासांत १६ लाख वर्डप्रेस वेबसाइटवर एक कोटी ३७ लाख हल्ले झालेले मोजले. ते सुमारे १६ हजार वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून आले होते. यात लहान-मोठे कोणी पाहिले नव्हते. यादीतले प्रत्येक दार ठोठावले गेले.

आता दार कोणते कच्चे, ते पाहू. पॅचस्टॅक या कंपनीने २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या परिवारात ७,९६६ नव्या सुरक्षात्रुटी नोंदवल्या. म्हणजे रोजच्या जवळपास २२. त्यांतल्या ९६ टक्के प्लगइनमध्ये, म्हणजे वरून चढवलेल्या जोडण्यांमध्ये होत्या, उरलेल्यांतल्या बहुतेक थीममध्ये. खुद्द वर्डप्रेसच्या गाभ्यात किती? फक्त सात. हजारात एकही पुरती नाही. एकूण त्रुटींपैकी ४३ टक्के अशा होत्या, की त्यांचा गैरफायदा घ्यायला लॉगिनही लागत नव्हते. आणि ३३ टक्के त्रुटी जाहीर झाल्या तेव्हा त्यांची दुरुस्ती निघालेलीच नव्हती.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पॅचस्टॅक संरक्षणाची सेवा विकते, तेव्हा धोका मोठा दिसण्यात तिचे हित आहे. शिवाय त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षिसे मिळू लागल्यापासून शोधणारेही वाढले आहेत. मोजणी वाढली म्हणजे धोका तेवढ्याच पटीने वाढला असे नाही. तरीही प्रमाण बोलके आहे. वर्डप्रेस असुरक्षित आहे, ही तक्रार चुकीच्या जागी केली जाते. कच्चे आहेत ते आपण वरून चढवलेले प्लगइन. अधिकृत संग्रहात ते सुमारे ६० हजार आहेत आणि एकेका वेबसाइटवर वीस-तीस बसवलेले सहज सापडतात.

दुरुस्ती आणि हल्ला यांची शर्यत

गाभ्यात क्वचित त्रुटी निघते, पण निघाली की काय होते, ते २०१७ च्या सुरुवातीला दिसले. वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांमध्ये परक्या माणसाला, लॉगिन न करता, कोणताही लेख बदलता येत होता. घोळ इवलासा होता. लेखाचा क्रमांक १२३ असेल, तर मागणी पाठवताना १२३ च्या पुढे दोन-तीन अक्षरे चिकटवायची. परवानगी तपासणारा भाग तशा क्रमांकाचा लेख शोधायचा, तो सापडायचा नाही, आणि ‘लेखच नाही तर अडवायचे कशाला’ म्हणून मागणी पुढे सोडायचा. लेख बदलणारा पुढचा भाग मात्र अक्षरे गाळून फक्त १२३ घ्यायचा आणि तो लेख बदलून टाकायचा. तपासनीस एक क्रमांक वाचत होता, कारकून दुसराच.

२६ जानेवारीला दुरुस्त आवृत्ती ४.७.२ निघाली, पण त्यात ही त्रुटी बुजवली आहे हे वर्डप्रेसने सांगितले नाही. होस्टिंग कंपन्यांना आणि फायरवॉल चालवणाऱ्यांना त्यांनी आधीच खासगीत कळवून आडकाठीचे नियम बसवून घेतले होते; पुढचे सहा दिवस आपोआप होणाऱ्या अपडेटना काम करू दिले. १ फेब्रुवारीला त्रुटी जाहीर झाली. ४८ तासांच्या आत हल्ले सुरू झाले आणि पुढच्या काही दिवसांत १५ लाखांहून अधिक पाने विद्रूप झाली. ज्यांनी आपोआप अपडेट चालू ठेवले होते, त्यांना यातले काही जाणवलेही नाही. ही सोय वर्डप्रेसमध्ये ऑक्टोबर २०१३ पासून आहे. ‘अपडेटने वेबसाइट बिघडते’ म्हणून ती बंद करणाऱ्यांनी बिघाडाची भीती ठेवली आणि घरफोडी पत्करली.

प्लगइनच्या बाबतीत सहा दिवसांचीही उसंत मिळत नाही. सात लाखांहून अधिक वेबसाइटवर बसवलेल्या ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२० ला निघाली, तेव्हा हल्ले आधीच सुरू होते. दुसऱ्या एका मुक्त प्रकल्पातली नमुन्यादाखल दिलेली फाइल विकासकाने नाव बदलून चालू अवस्थेत ठेवली होती, आणि तिच्यातून कोणीही सर्व्हरवर हवी ती फाइल चढवू शकत होता. वर्डप्रेस सुरक्षित करण्याच्या जवळजवळ प्रत्येक यादीत एक सल्ला असतो: छायाचित्रे साठवण्याच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये पीएचपी, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या भाषेतला कोड, चालू देऊ नका. सल्ला उत्तम आहे. पण या हल्ल्यात घातक फाइली प्लगइनच्याच एका उपफोल्डरमध्ये पडत होत्या. एका दाराला कडी लावून भागत नाही, ते यासाठी.

दहा लाख शक्यतांचा हिशेब

ऑगस्ट २०२४ चे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात होस्टिंगची ताकद आणि मर्यादा दोन्ही मोजता येतात. ‘लाइटस्पीड कॅश’ हे वेबसाइट वेगवान करणारे प्लगइन ५० लाखांहून अधिक ठिकाणी बसवलेले होते. आपले एक अंतर्गत काम करण्यासाठी ते एक गुप्त किल्ली तयार करत असे. ती किल्ली ज्याच्या हाती पडेल, त्याला प्रशासक म्हणून आत शिरता येत होते.

इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे आणि दहा अंक मिळून ६२ चिन्हे होतात. त्यांतून सहा चिन्हांची खरोखर यदृच्छेने निवडलेली किल्ली केली, तर ५,६८० कोटी शक्यता निर्माण होतात. पण या प्लगइनमध्ये किल्लीचे बीज म्हणून घड्याळातला सेकंदाचा दशलक्षांश भाग वापरला होता. एका सेकंदात असे दहा लाख भाग असतात, म्हणून किल्ल्याही दहा लाखच होऊ शकत होत्या. शिवाय एकदा तयार झालेली किल्ली बदलत नव्हती.

सेकंदाला फक्त तीन प्रयत्न केले, तर दहा लाख किल्ल्या लावून पाहायला ३,३३,३३३ सेकंद लागतात. म्हणजे ९२ तास ३५ मिनिटे. चार दिवससुद्धा नाहीत. समजा होस्टिंग कंपनीने एका आयपी पत्त्यावरून दहा सेकंदांना एकच संशयास्पद मागणी येऊ दिली. मग हेच काम एक कोटी सेकंदांचे, सुमारे ११६ दिवसांचे होते. वेगमर्यादेचा एक नियम, आणि चार दिवसांचे जवळपास चार महिने झाले. पण हल्लेखोराकडे २०२१ च्या हल्ल्यासारखे १६ हजार पत्ते असतील तर? एक कोटी भागिले १६ हजार: ६२५ सेकंद. साडेदहा मिनिटे. लहान सर्व्हर इतका मारा सोसणार नाही, त्याआधीच कोलमडेल, हे खरे; पण कोलमडणे हेही नुकसानच.

यातून निघणारा निष्कर्ष असा: सर्व्हरपाशी लावलेला पहारा वेळ मिळवून देतो, दुरुस्ती करून देत नाही. वरच्या उदाहरणात दुरुस्त आवृत्ती ६.४ ही १३ ऑगस्टला आली होती. ती दोन दिवसांत बसवणाऱ्यांना अशी वेगमर्यादा उपयोगी पडली असती. हल्ल्याचे पत्ते अनेक असतील, तर महिनाभर न बसवणाऱ्यांसाठी तीच मर्यादा निरुपयोगी ठरली असती. पॅचस्टॅकने पाच होस्टिंग कंपन्यांवर ११ ज्ञात त्रुटी वापरून केलेल्या चाचणीत सुमारे ८८ टक्के हल्ले कंपन्यांच्या संरक्षणातून पार गेले. चाचणी घेणाऱ्याचे हितसंबंध वजा केले, तरी ‘आमच्याकडे फायरवॉल आहे’ या वाक्यावर विसंबण्याइतका आधार उरत नाही.

एकाच खात्यातली पाच घरे

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो ग्राहक असतात. चाळीत नळ एक असला तरी खोल्यांना भिंती असतात. तशा भिंती इथे आहेत का, हे विचारायला हवे. प्रत्येक ग्राहकाची पीएचपी वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालली पाहिजे आणि एकाला दुसऱ्याच्या फाइली दिसताही कामा नयेत. चांगल्या कंपन्या ही व्यवस्था करतात.

मोठा धोका बहुधा शेजाऱ्याकडून येत नाही, स्वतःच्याच खात्यातून येतो. ‘अमर्यादित वेबसाइट’ मिळतात म्हणून संस्था एकाच खात्यात सगळे कोंबते: मुख्य वेबसाइट, शतक महोत्सवाची जुनी वेबसाइट, एका वर्षीचा ऑनलाइन दिवाळी अंक, कोणीतरी चाचणीसाठी केलेले ‘टेस्ट’ नावाचे फोल्डर. मुख्य वेबसाइट नियमित अपडेट होते. बाकीच्यांकडे कोणी पाहत नाही. पण सर्व्हरच्या दृष्टीने या सगळ्यांचा मालक एकच वापरकर्ता असतो. विसरलेल्या दिवाळी अंकातून शिरलेला माणूस मुख्य वेबसाइटच्या फाइली लिहू शकतो. मुख्य वेबसाइट साफ केली तरी आठवड्याभरात ती पुन्हा बाधित होते आणि कारण सापडत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. जुन्या अंकाची साधी एचटीएमएल प्रत काढून ठेवायची. वाचकाला फरक कळत नाही आणि मागे चालणारे सॉफ्टवेअरच उरत नसल्याने अपडेटचा प्रश्नही मिटतो. चाचणीचे फोल्डर पुसून टाकायचे. जी वेबसाइट जिवंत ठेवायची, तिला स्वतंत्र खाते द्यायचे.

७२ दिवस कोणाला पत्ता नव्हता

नोव्हेंबर २०२१ मध्ये गोडॅडी या जगातल्या बड्या होस्टिंग कंपनीने अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाला कळवले, की तिच्या वर्डप्रेस सेवेत घुसखोरी झाली आहे. घुसखोर शिरला होता ६ सप्टेंबरला. कंपनीच्या लक्षात आले १७ नोव्हेंबरला. मधले दिवस ७२. सुमारे १२ लाख आजी-माजी ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडले. चालू ग्राहकांचे फाइली चढवण्याचे आणि डेटाबेसचे पासवर्डही त्यात होते. काहींच्या एसएसएल प्रमाणपत्रांच्या खासगी किल्ल्याही.

मोठे नाव घेतले म्हणजे सुरक्षा मिळाली, असे नाही, हा यातला एक धडा. दुसरा अधिक उपयोगाचा आहे. ७२ हा आकडा आपल्या होस्टिंगच्या दोन आकड्यांशेजारी ठेवून पाहा. नोंदी, म्हणजे कोण कधी कुठून आले याचे लॉग, किती दिवस राहतात? अनेक स्वस्त योजनांत त्या काही दिवसांतच पुसल्या जातात. बॅकअप किती दिवस मागचे मिळतात? १४ किंवा ३० दिवसांचे मिळत असतील आणि घुसखोर ७२ दिवसांपूर्वी शिरला असेल, तर हाती असलेल्या प्रत्येक प्रतीत तो बसलेलाच आहे. स्वच्छ प्रत उरलेलीच नाही.

भारतात याला कायद्याचीही चौकट आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या-संस्था आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यातली एक गोष्ट पतपेढ्या, शाळा, ग्रंथालये आणि वर्गणीदारांची यादी बाळगणारी नियतकालिके यांनी नीट वाचावी: माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याला दिले, तरी जबाबदारी ती गोळा करणाऱ्याचीच राहते. होस्टिंग कंपनीकडे बोट दाखवून सुटका नाही.

आगीत गेलेल्या प्रती

१० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. जीवितहानी झाली नाही. नेटक्राफ्ट या इंटरनेटची पाहणी करणाऱ्या कंपनीच्या मोजणीनुसार ४ लाख ६४ हजार डोमेनांवरच्या ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. काही ग्राहकांच्या बाबतीत मूळ वेबसाइट आणि तिचा बॅकअप एकाच ठिकाणी होते. दोन्ही एकाच रात्रीत गेले.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे कामी येतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. यात मी एक अट जोडेन. दुसऱ्या ठिकाणची प्रत वेबसाइटच्या सर्व्हरवरून पुसता येता कामा नये. सर्व्हरवरचेच प्लगइन बॅकअप घेत असेल आणि साठवणीच्या खात्याचा पूर्ण अधिकार असलेला पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवलेला असेल, तर आत शिरलेला माणूस आधी बॅकअप पुसतो.

आणि परत उभारून पाहिलेला नाही, तो बॅकअप मोजायचाच नाही. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या जागी उभारून बघावा आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. रोज पहाटे प्रत घेणाऱ्या वर्तमानपत्राचे संध्याकाळी सगळे गेले, तर दिवसभराच्या बातम्या गेल्या. ते परवडणारे नसेल तर डेटाबेसची प्रत तासातासाला हवी.

मुदत संपणाऱ्या दोन गोष्टी

वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला तिन्ही पीएचपी या भाषेवर चालतात आणि पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला मरणाची तारीख आहे. ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती २८ नोव्हेंबर २०२२ ला थांबली, ८.१ ची ३१ डिसेंबर २०२५ ला. ८.२ ला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत, ८.३ ला २०२७ अखेरपर्यंत आणि ८.४ ला २०२८ अखेरपर्यंत मुदत आहे. नवी योजना विकताना कंपनी मुदत संपलेली आवृत्ती आपणहून देत असेल, तर तिच्या बाकीच्या शिस्तीचा अंदाज तिथेच येतो.

दुसरी मुदत एसएसएल प्रमाणपत्राची. काही ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याआधी कुलूप दिसते ते याच्यामुळे. पूर्वी ३९८ दिवस चालणाऱ्या या प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये त्याच तारखेपासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असे ठरले आहे. म्हणजे वर्षातून आठ वेळा नूतनीकरण. हाताने करण्याचे दिवस संपले. आपोआप नूतनीकरण विनामूल्य मिळत नसेल, तर ती योजना घेऊ नये. मात्र कुलूप फक्त वाटेवरची चोरी रोखते. आतली वेबसाइट फोडलेली असली, तरी कुलूप तसेच दिसत राहते.

जाहिरातीतला आणखी एक आकडा उरला: ‘९९.९ टक्के अपटाइम’ याचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास बंद, एवढाच. त्याचा सुरक्षेशी संबंध नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे सहा प्रश्न

विक्री विभागाला हे ईमेलने विचारावे, म्हणजे उत्तर लेखी राहते.

१. गाभ्याची सुरक्षा-दुरुस्ती निघाल्यावर किती तासांत बसते? २४ पेक्षा जास्त नको. प्लगइनचीही जबाबदारी घेता का?

२. प्रत्येक खाते वेगळ्या वापरकर्त्याखाली, इतरांपासून अलग चालते का?

३. बॅकअप किती वेळाने घेता, किती दिवस ठेवता, आणि तो वेगळ्या शहरात असतो का? किमान ९० दिवस मागची एखादी प्रत हवी. कंपनी देत नसेल, तर महिन्यातून एकदा स्वतः उतरवून घ्यावी.

४. लॉग किती दिवस राहतात? ते मला उतरवून घेता येतात का?

५. नियंत्रण पॅनेलला दुहेरी पडताळणी आहे का, आणि फाइली चढवायला साध्या एफटीपीऐवजी एसएफटीपी मिळते का?

६. वेबसाइट फोडली गेली तर तुम्ही काय करता? खाते बंद करून ईमेल पाठवणे हे उत्तर असेल, तर दुसरी कंपनी पाहावी.

पहिल्या दिवसाची मांडणी

होस्टिंग चांगले मिळाले, तरी पहिल्या दिवशी तासाभराचे काम आपले असते.

फाइलींच्या परवानग्यांपासून सुरुवात करावी. त्या तीन अंकांत लिहितात: पहिला मालकासाठी, दुसरा गटासाठी, तिसरा उरलेल्या सर्वांसाठी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. फोल्डरना ७५५, फाइलींना ६४४, आणि डेटाबेसचा पासवर्ड ज्यात असतो त्या कॉन्फिग फाइलला ६४० किंवा ६००. काही चालेनासे झाले की ‘७७७ करून बघा’ असा सल्ला हमखास मिळतो. त्याचा अर्थ सर्व्हरवरच्या कोणालाही लिहू द्या, असा होतो. तो कधीच ऐकू नये.

त्यानंतर प्रशासकाच्या पडद्यावरून प्लगइन-थीमच्या फाइली संपादित करण्याची सोय कॉन्फिग फाइलमधून बंद करावी. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी चालणे थांबवावे. एक्सएमएल-आरपीसी हे जुने दार वापरात नसेल तर बंद करावे. २०१५ मध्ये याच दाराने एका मागणीत शेकडो पासवर्ड लावून पाहिले जात होते. कॉन्फिग फाइलमधल्या आठ गुप्त किल्ल्या नव्या तयार कराव्यात. पुढे कधी घुसखोरीचा संशय आला तर त्या बदलताच सगळ्यांची लॉगिने तुटतात.

मग माणसांकडे वळावे. प्रशासक फक्त एक किंवा दोन. लेख लिहिणाऱ्याला लेखकाचा अधिकार, संपादकाला संपादकाचा. प्रशासक आणि संपादक दोघांनाही दुहेरी पडताळणी सक्तीची. जून २०२४ मध्ये काही प्लगइन थेट त्यांच्या विकासकांच्या खात्यांतून बाधित केली गेली, कारण तिथे इतरत्र फुटलेले पासवर्ड पुन्हा वापरले होते. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून वर्डप्रेसने प्लगइन विकासकांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना जी अट लागते, ती वापरणाऱ्यांना जड वाटू नये.

शेवटी प्लगइनची यादी. प्रत्येकासमोर दोन प्रश्न लिहावेत: हे नसेल तर काय अडेल, आणि याचे शेवटचे अपडेट कधी आले? एकाचेही समाधानकारक उत्तर नसेल, तर ते निष्क्रिय करून थांबू नये, पुसून टाकावे. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात, आणि फाइल मॅनेजरसारख्या हल्ल्यात थेट फाइललाच हाक मारली जाते.

कोणी काय घ्यावे

ज्या संस्थेकडे तंत्रज्ञ नाही, तिने स्वतंत्र आभासी सर्व्हर घेऊ नये. तो स्वस्त आणि वेगवान असतो, पण ऑपरेटिंग सिस्टीमपासून डेटाबेसपर्यंतची प्रत्येक दुरुस्ती मग आपल्या माथी येते. तिने व्यवस्थापित वर्डप्रेस होस्टिंग घ्यावे, ज्यात अपडेट आणि बॅकअप कंपनी करते. दर अधिक पडतो. तो फरक म्हणजे ते सात तास जागे राहणाऱ्याचा पगार आहे. ज्यांची वेबसाइट वर्षातून चारदा बदलते, त्यांनी वर्डप्रेससारखे मजकूर-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर (सीएमएस) लागतेच का, हे आधी ठरवावे; साध्या एचटीएमएल पानांना घुसखोरीची जागा फार थोडी उरते. दुरुस्तीचे काम एका जाणत्या गटाकडे सोपवण्याचा विचार सरकारनेही आपल्या प्रमाणावर केला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस३वास या सामाईक व्यवस्थेवर महाराष्ट्रासह देशभरातल्या जिल्ह्यांच्या वेबसाइट आहेत. प्रत्येक जिल्ह्याने आपला सर्व्हर आणि आपले अपडेट सांभाळण्यापेक्षा एक गट सगळ्यांची दुरुस्ती एकदम करतो. एखाद्या तालुक्यातल्या दहा ग्रंथालयांना किंवा एका शिक्षणसंस्थेच्या पंधरा शाळांना हे करायला काय हरकत आहे? खर्च वाटला जातो आणि एक जाणता माणूस पूर्ण वेळ परवडतो.

मराठीतला कितीतरी मजकूर आज फक्त वेबसाइटवर आहे. नियतकालिकांचे अंक, स्थानिक इतिहासाच्या नोंदी, लेखकांची संकलने; यांची छापील प्रत नाही. अशी वेबसाइट पुसली जाते तेव्हा ती कोणत्याही ग्रंथालयाच्या कपाटात सापडत नाही. म्हणून होस्टिंगचे बिल भरणाऱ्या प्रत्येक संस्थेने कार्यकारिणीच्या बैठकीत एक ठराव करावा: वेबसाइटच्या अपडेटची, बॅकअपची आणि लॉगची जबाबदारी कोणाची, त्या व्यक्तीचे नाव, आणि ती रजेवर असेल तेव्हा कोणाची, ते दुसरे नाव. ज्या दुरुस्तीला कोणाचेच नाव जोडलेले नसते, ती सात तासांतही होत नाही आणि अठरा महिन्यांतही नाही.